मधमाश्यांचा आठ पायांचा वैरी



हिवाळ्यात पंजाब-राजस्थानकडे मोहरीची शेते पिवळीधमक फुलली, की बांधांच्या कडेने लाकडी मधपेट्यांच्या रांगा मांडलेल्या दिसतात. पेटीच्या दाराशी पाहावे तर माश्यांची नुसती झुंबड. झाकण उघडावे तर प्रत्येक चौकट माश्यांनी झाकलेली. मधपाळ समाधानाने झाकण लावतो आणि मनाशी म्हणतो, "पेटी जोरात आहे."

काही महिन्यांनी तोच मधपाळ तीच पेटी उघडतो, तेव्हा आत मूठभर माश्या उरलेल्या असतात. राणीमाशी जिवंत असते, थोडा मधही शिल्लक असतो. पण पेटीसमोरच्या जमिनीवर चुरगळलेल्या पंखांच्या माश्या सरपटत असतात. त्यांना उडता येत नाही. कोणी विष फवारलेले नाही, गांधीलमाश्यांचा हल्ला झालेला नाही. मग पेटी बसली कशी?

ज्या दिवशी मधपाळ "पेटी जोरात आहे" म्हणाला, त्याच दिवशी वैरी आत होता. मधपाळाने माश्या पाहिल्या, पण वैरी मोजले नाहीत. हे मोजायचे कसे आणि मोजून काय करायचे, ते आज पाहू.

हा वैरी कोण?

या वैऱ्याचे नाव व्हॅरोआ. तो एक माइट आहे. माइट हे कीटक नव्हेत. कीटकाला सहा पाय असतात, माइटला आठ. कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या जातकुळीतला हा प्राणी. पिकांवरच्या अशाच एका माइटला आपले शेतकरी 'लाल कोळी' म्हणतात आणि माणसाला खरूज होते तीही एका माइटमुळेच.

व्हॅरोआची मादी तांबूस तपकिरी, चपटी, खेकड्यासारखी आडवी असते. लांबी सुमारे १.१ मिलिमीटर आणि रुंदी सुमारे १.६ मिलिमीटर. मोहरीच्या दाण्याएवढीही नाही! पण मधमाशीच्या मानाने ती केवढी, याचा हिशेब करा. कामकरी माशीची लांबी सुमारे १२ ते १३ मिलिमीटर. म्हणजे माइटची रुंदी माशीच्या लांबीच्या जवळजवळ आठव्या हिश्श्याएवढी झाली. तुमची उंची १५० सेंटिमीटर असेल, तर तुमच्या अंगावर सुमारे १९ सेंटिमीटर रुंदीची, लहान ताटलीएवढी गोचीड चिकटली आहे, अशी कल्पना करा.

ही मादी माशीच्या पोटाखालच्या पट्ट्यांच्या फटीत घुसते आणि अन्न शोषते. ती केवळ माशीचे 'रक्त' पिते, असे पूर्वी समजत. प्रौढ माशीच्या शरीरातील मेदपिंड हे तिचे मुख्य खाद्य असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. मेदपिंड म्हणजे माशीचा साठा. रोगप्रतिकार, अन्नाची साठवण आणि दीर्घायुष्य ही सारी त्यावर अवलंबून असतात. शिवाय माइट एका माशीकडून दुसरीकडे विषाणू नेतो. यांपैकी एक विषाणू पंख चुरगळून टाकतो. जमिनीवर सरपटणाऱ्या त्या माश्या आठवतात ना? त्या याच विषाणूच्या बळी.

झाकणाआडचा संसार

मधमाश्यांची अंडी, अळ्या आणि कोश यांना मिळून मधपाळ 'पिलावा' म्हणतात. अळीची वाढ पुरी झाली, की कामकरी माश्या तिच्या षट्कोनी घरावर मेणाचे झाकण बसवतात. झाकणाखाली अळीचा कोश होतो आणि कोशाची माशी होते.

माइटची मादी नेमकी या क्षणाची वाट पाहत असते. झाकण बसण्याच्या थोडे आधी ती माशीच्या अंगावरून उतरते, घरात शिरते आणि अळीच्या खालच्या पातळ अन्नात दडून बसते. झाकण बसल्यावर सुमारे ७० तासांनी ती पहिले अंडे घालते. त्यातून नर निपजतो. त्यानंतर साधारण दर ३० तासांनी एकेक अंडे घातले जाते आणि त्यांतून माद्या निपजतात. अंड्यापासून प्रौढ मादी होण्यास सुमारे १४० तास लागतात. भावाबहिणींचे मीलन त्याच बंद घरात होते. माशी झाकण फोडून बाहेर पडली, की आई आणि पूर्ण वाढलेल्या मुली तिच्याबरोबर बाहेर येतात. नर आणि अर्धवट वाढलेल्या मुली आतच मरतात.

आता कागद-पेन्सिल घ्या. आपल्याकडे बहुसंख्य मधपाळ पाळतात त्या युरोपीय मधमाशीत कामकरी माशीचे घर सुमारे १२ दिवस, म्हणजे २८८ तास बंद असते. पहिल्या मुलीचे अंडे पडते १०० व्या तासाला. ती प्रौढ होईल १०० + १४० = २४० व्या तासाला. दुसरी २७० व्या तासाला. तिसरी ३०० व्या तासाला, पण तोवर माशी बाहेर पडून गेलेली असते. म्हणजे कागदावर दोन मुली. त्यांतल्याही काही मरतात, म्हणून प्रत्यक्षात सरासरी एखादीच हाती लागते.

नरमाशीचे घर मात्र सुमारे साडेचौदा दिवस, म्हणजे ३४८ तास बंद असते. तेथे २४०, २७०, ३०० आणि ३३० व्या तासाला चार मुली तयार होऊ शकतात. येथेही काही मरतात, तरी सरासरी दोन किंवा थोड्या अधिक उरतात. त्यामुळे माइटच्या माद्या नरांची घरे अनेक पटींनी अधिक पसंत करतात. अडीच दिवसांचा हा फरक लक्षात ठेवा. पुढे तोच आपल्या कामी येणार आहे.

जुना यजमान आणि नवा यजमान

व्हॅरोआ हा मूळचा आशियाचा. १९०४ साली औडेमान्स या डच शास्त्रज्ञाने जावा बेटावरील आशियाई मधमाशीवर सापडलेल्या माइटचे वर्णन प्रथम केले. ही आशियाई मधमाशी आपल्या ओळखीचीच आहे. महाबळेश्वरच्या आणि कोकणच्या रानात जिला 'सातेरी' म्हणतात तीच ही.

सातेरीच्या वसाहतीतही व्हॅरोआ सापडतो, पण तो तिचा सर्वनाश करीत नाही. हजारो वर्षांच्या सहवासात दोघांचे एक प्रकारे जमून गेले आहे. सातेरीच्या कामकरी माशीच्या घरात त्याची वीण सहसा होत नाही, केवळ नरांच्या घरांत होते आणि नर तर वर्षातून काही काळच वाढवले जातात. कामकरी माश्या स्वतःच्या व एकमेकींच्या अंगावरून माइट ओढून काढतात. नराच्या घराचे झाकणही टणक असते. आतला नर माइटांनी फार दुबळा केला असेल, तर त्याला ते फोडता येत नाही. तो आतच मरतो आणि त्याच्याबरोबर माइटही कायमचे कोंडले जातात.

विसाव्या शतकात माणसाने युरोपीय मधमाशीच्या पेट्या पूर्व आशियात नेल्या आणि दोन्ही माश्या शेजारी आल्या. माइटांनी नव्या माशीवर उडी घेतली. या माशीला त्यांची ओळख नव्हती. तिच्या कामकरी पिलाव्यातही त्यांची वीण होऊ लागली आणि कामकरी पिलावा तर नरांच्या पिलाव्यापेक्षा कितीतरी अधिक असतो! पुढे पेट्यांच्या व राण्यांच्या व्यापाराबरोबर माइट जगभर पसरले. १९८७ मध्ये ते अमेरिकेत, १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये आणि २००० मध्ये न्यूझीलंडमध्ये आढळले. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हा विनाशकारी माइट जावाच्या माइटाहून निराळ्या जातीचा आहे. त्याला नाव मिळाले 'व्हॅरोआ डिस्ट्रक्टर', म्हणजे विध्वंसक व्हॅरोआ.

ऑस्ट्रेलिया बराच काळ या संकटापासून दूर राहिला. तेथे बंदरांजवळ मुद्दाम पाळतीच्या मधपेट्या ठेवून त्यांची नियमित तपासणी करीत. जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदराजवळच्या अशाच पेट्यांत व्हॅरोआ सापडला. बाधित भागातील पेट्या नष्ट करूनही तो आवरला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला समूळ नाहीसे करण्याचा प्रयत्न सोडून देण्यात आला आणि त्याला काबूत ठेवण्याचे धोरण ठरले. आज जगातल्या बहुतेक मधपाळांपुढे हाच मार्ग उरला आहे.

मोजणी कशी करतात?

माइट काबूत ठेवायचे, तर ते किती आहेत हे कळले पाहिजे. नुसत्या डोळ्यांनी चौकट पाहून ते कळत नाही. एक तर माइट माशीच्या पोटाखाली दडतो. दुसरे म्हणजे पिलावा वाढत असतो तेव्हा निम्म्याहून अधिक माइट झाकणाआड असतात. एखादा माइट माशीच्या पाठीवर उघड दिसू लागतो, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून मधपाळ नमुना घेऊन मोजणी करतात. तिच्या तीन पद्धती प्रचारात आहेत.

पहिली पद्धत पिठीसाखरेची. पिलाव्याच्या चौकटीवरून अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या रुंद तोंडाच्या बरणीत घेतात. पिलाव्याचीच चौकट का? कारण तेथल्या दाईमाश्यांच्या अंगावर माइट अधिक असतात. मात्र त्या चौकटीवर राणी नाही ना, हे आधी नीट पाहावे लागते. राणी बरणीत गेली, तर तपासणीच वसाहतीच्या मुळावर यायची! बरणीला झाकणाऐवजी बारीक जाळी बसवतात. जाळीतून माइट पडावा, माशी पडू नये. वरून दोन मोठे चमचे पिठीसाखर घालून बरणी मिनिटभर हळूहळू फिरवतात आणि काही मिनिटे सावलीत ठेवतात. साखरेच्या भुकटीने माइटच्या पायांची पकड सुटते. मग बरणी पांढऱ्या ताटावर उलटी धरून हलवतात. ताटात पाणी शिंपडले, की साखर विरघळते आणि तांबूस माइट उरतात. साखरेने माखलेल्या माश्या परत पेटीत जातात आणि बहिणी त्यांना चाटूनपुसून स्वच्छ करतात. हवा दमट असली तर साखरेच्या गुठळ्या होतात. कोकणच्या पावसाळ्यात ही पद्धत फसते ती त्यामुळेच.

दुसरी पद्धत धुण्याची. तेवढ्याच माश्या स्पिरिटमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात घालून खळबळतात आणि गाळतात. हिच्यात माइट जवळजवळ सगळे निघतात, त्यामुळे आकडा अधिक भरवशाचा असतो. पण नमुन्यातल्या माश्या मरतात. ३०० माश्यांचा बळी का द्यायचा, असे तुम्ही विचाराल. भर हंगामात चांगली राणी दिवसाला हजारांहून अधिक अंडी घालते. म्हणजे ३०० माश्या ही तिची काही तासांची भरपाई. मोजणी टाळली, तर मात्र सारी वसाहतच जाऊ शकते. तरीही कोणती पद्धत निवडावी, याबद्दल मधपाळांत मतभेद आहेत आणि ते समजण्यासारखे आहेत.

तिसरी पद्धत चिकट कागदाची. पेटीच्या तळाशी जाळी बसवून तिच्याखाली व्हॅसलीन लावलेला पांढरा कागद सरकवतात. एक ते तीन दिवसांनी कागदावर पडलेले माइट मोजून रोजची सरासरी काढतात. हिच्यात माश्यांना काही त्रास नाही, पण पेटीत माश्या किती आहेत त्यावर आकड्याचा अर्थ बदलतो.

आकड्याचा अर्थ

समजा, ३०० माश्यांत ९ माइट सापडले. म्हणजे १०० माश्यांमागे ३. वसाहतीत २०,००० माश्या असतील, तर माश्यांच्या अंगावर सुमारे ६०० माइट आहेत. पण हा एक-तृतीयांश हिस्सा आणि उरलेला दोन-तृतीयांश झाकणाआड आहे असे धरले, तर एकूण माइट झाले १,८००! नऊ हा आकडा दिसायला लहान, पण त्याच्यामागे केवढी फौज उभी आहे पाहा.

१०० माश्यांमागे ३ माइट ही अनेक ठिकाणी धोक्याची रेघ मानतात. काहीजण २ वरच सावध होतात. ही रेघ ऋतू आणि प्रदेश पाहून ठरवावी लागते.

एकच मोजणी करून मात्र भागत नाही. अनुकूल काळात माइटांची संख्या साधारण महिन्याला दुप्पट होते असे धरा. आज ५० माइट असतील, तर पुढे १००, २००, ४००, ८००, १,६०० आणि सहाव्या महिन्याअखेर ३,२००. पहिले तीन-चार महिने काहीच बिघडलेले दिसत नाही, कारण माश्याही वाढत असतात. बहर संपला, की राणी अंडी कमी घालते. माश्या घटू लागतात, माइट मात्र तेवढेच राहतात. माश्यांमागे माइटांचे प्रमाण एकाएकी चढते आणि पेटी कोसळते. "परवापर्यंत तर भरलेली होती," असे मधपाळ म्हणतो ते खोटे नसते. म्हणूनच पिलावा वाढत असताना दर महिन्याला मोजणी करून तारीखवार नोंद ठेवावी.

वैऱ्याची खोड, तोच उपाय

माइटच्या जीवनक्रमातच त्याला गाठण्याच्या जागा आहेत.

त्याला नरांची घरे आवडतात ना? मग मधपाळ पेटीत नरांच्या घरांसाठी वेगळी चौकट देतात. माइट तिकडे गर्दी करतात. घरांवर झाकणे बसली, की नर बाहेर पडण्यापूर्वी ती चौकट काढून नष्ट करतात. नरमाशी अंड्यापासून २४ दिवसांत बाहेर येते, तेव्हा तारीख चुकवून चालत नाही. चौकट विसरली, तर सापळ्याऐवजी माइटांचा पाळणाघर चालवल्यासारखे व्हायचे!

दुसरा उपाय आग्या माशीने शिकवला आहे. तिच्यावर 'ट्रॉपिलेलॅप्स' नावाचा दुसरा एक माइट राहतो. १९६० च्या दशकात आजच्या हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे कीटकशास्त्रज्ञ अटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपीय मधमाशी भारतात रुजवली. थोड्याच काळात आग्याच्या या माइटाने तिला गाठले आणि गंधकाची पूड वापरून त्याचा बंदोबस्त करावा लागला. या माइटाला प्रौढ माशीवर जगता येत नाही. पिलावा नसेल तर तो काही दिवसांत मरतो. आग्या माशी ऋतूप्रमाणे जुने पोळे सोडून दूर जाते, तेव्हा तिचे माइट मागेच राहून मरतात. मधपाळ हीच युक्ती करतो. तो राणीला सुमारे तीन आठवडे लहान पिंजऱ्यात ठेवतो. अंडी थांबतात, असलेला पिलावा बाहेर पडतो आणि ट्रॉपिलेलॅप्स उपाशी मरतो. व्हॅरोआ प्रौढ माशीवर तग धरतो, पण त्यालाही झाकणाआड जागा उरत नाही आणि तो औषधाच्या टप्प्यात येतो.

औषधांत काही ओळखीची नावे आहेत. मुंगीच्या दंशातले फॉर्मिक आम्ल, चुक्याच्या भाजीत असणारे ऑक्झॅलिक आम्ल आणि ओव्यात सापडणारे थायमॉल. फॉर्मिक आम्लाची वाफ झाकणाआडही पोचते. ऑक्झॅलिक आम्ल पोचत नाही, म्हणून ते पिलावा नसताना वापरतात. ही आम्ले तीव्र असतात. त्वचा, डोळे आणि फुप्फुसे यांना त्यांनी इजा होते. ती अनुभवी मधपाळांनीच, ठरलेल्या मात्रेत आणि मध भरण्याचा काळ टाळून वापरावयाची असतात. तुम्ही त्यांचे प्रयोग मुळीच करू नका.

आणखी एक गोष्ट. एकच कृत्रिम औषध वर्षानुवर्षे वापरले, की त्याला दाद न देणारे थोडे माइट उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. फ्लुव्हॅलिनेट या औषधाच्या बाबतीत १९९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत असेच झाले. म्हणून उपाय आलटून पालटून करतात, गरज असेल तेव्हाच करतात आणि उपायानंतर पुन्हा मोजणी करतात. आधी १२ माइट होते आणि नंतर १ उरला, तर उपाय लागू पडला. नंतरही १० निघाले, तर मात्र तो बदलला पाहिजे. ज्या वसाहती माइटग्रस्त पिलावा स्वतःच ओळखून बाहेर फेकतात, त्यांच्या राण्यांपासून नवी वाण तयार करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. सातेरीने जे हजारो वर्षांत साधले, ते युरोपीय माशीत आणण्याचाच हा यत्न आहे.

करून पाहा

नमुन्यात ३०० माश्याच का? ३० का नकोत? मधपेटीजवळ न जाता याचे उत्तर वर्गात शोधता येईल.

सारख्या आकाराचे १,००० पांढरे वाटाणे मोजून घ्या. त्यांतले ३० शाईने रंगवून वाळू द्या. सगळे एका डब्यात घालून चांगले कालवा. ही झाली तुमची वसाहत आणि तिच्यात शेकडा ३ माइट. आता डोळे मिटून ३० वाटाणे काढा, रंगीत किती ते लिहा आणि वाटाणे परत टाकून कालवा. असे दहा वेळा करा. नंतर ३०० वाटाणे मोजून एका पेल्यात भरा व त्या उंचीवर खूण करा. मधपाळही माश्या अशाच मापून घेतात, एकेक मोजत नाहीत. त्या खुणेपर्यंत पेला भरून दहा नमुने घ्या.

३० च्या नमुन्यांत साधारण दहांपैकी चार वेळा एकही रंगीत वाटाणा येणार नाही, तर कधी एकदम दोन-तीन येतील. ३०० च्या नमुन्यांत बहुतेक वेळा ५ ते १३ रंगीत वाटाणे येतील आणि शून्य जवळजवळ कधीच येणार नाही. लहान नमुना घेणारा मधपाळ दहांतून चार वेळा "माझ्या पेटीत माइट नाहीत" असे म्हणून निश्चिंत झोपेल, हे तुमच्या ध्यानात येईल.

विचार करा

१. ३०० माश्यांत ४ माइट सापडले. १०० माश्यांमागे किती? पुढची मोजणी कधी करावी?

२. कामकरी माशीचे घर २८८ ऐवजी २६० तासच बंद राहिले, तर माइटच्या किती मुली प्रौढ होतील?

३. राणीला पिंजऱ्यात ठेवल्यावर तीन आठवड्यांनी मोजणी केली, तर माश्यांच्या अंगावरील माइटांचा आकडा आधीपेक्षा मोठा निघू शकतो. उपाय फसला असे म्हणावे काय? कारण द्या.